एकेचाळीस मिनिटं

आज सकाळी वारा सुटला. तो येणार हे काल संध्याकाळीच कळलं होतं, कारण पश्चिमेला डोंगरांवर ढगांची ती कमान धरली होती. खाली निळ्या आकाशाची स्वच्छ पट्टी आणि वर करडा पडदा. ख्राइस्टचर्चमध्ये चार वर्षं काढलेल्या कुणालाही त्या कमानीचा अर्थ सांगावा लागत नाही. उद्या नॉरवेस्टर. डोंगरापलीकडे सगळा पाऊस सांडून कोरडा झालेला, तापलेला वारा मैदानावर उतरणार, दोरीवरचे कपडे अर्ध्या तासात वाळणार, डोळे चुरचुरणार आणि माणसं विनाकारण एकमेकांवर खेकसणार. या वाऱ्यात भांडू नये आणि मोठा निर्णय घेऊ नये, असं इथली जुनी माणसं म्हणतात. मी या वाऱ्यात दोन्ही केलंय.

मी स्वयंपाकघराची खिडकी धाडकन लावली तेव्हा जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत बसलेल्या ईशाने कानातलं इअरफोनचं एक बोंड काढलं. "आई, इट्स जस्ट विंड," ती म्हणाली. माझी मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. परीक्षेचे दिवस आहेत तिचे. टेबलभर कागद, प्रत्येक गठ्ठ्यावर वजनाला वाटी नाहीतर बत्ता.

तिच्यासाठी तो नुसता वारा. मला दर वर्षी हे दिवस आले, दिवाळीसाठी भाजणी भाजायला घेतली, की अभय सर आठवतात आणि कढईत उलथनं जरा जास्तच जोरात फिरतं. मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. माझा निवत नाही. लोणच्यासारखा मुरतो.

सहा वर्षांपूर्वी मी इथल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. काम सांगायला सोपं. जीव उघडायचा, हवा तो अवयव काढायचा, औषधात थिजवायचा, मेणात बसवायचा, केसापेक्षा बारीक काप काढायचे आणि रंग चढवून काचेवर ठेवायचे. त्या वर्षी जीव होता कोउरा. इथल्या ओढ्यांत दगडांखाली राहणारा, आपल्या शेवंडाचा गोड्या पाण्यातला धाकटा भाऊ. आणि अवयव होता त्याची पाचक ग्रंथी.

आपल्या पोटात यकृत वेगळं, स्वादुपिंड वेगळं. कोउराला देवाने एकच ग्रंथी दिली आणि सगळी कामं तिच्याच गळ्यात बांधली. पचवणारा रस तिनेच करायचा, पचलेलं तिनेच शोषायचं, चरबी तिनेच साठवायची, आणि पाण्यातून विष आलं तर तेही तिनेच मुकाट गिळून बसायचं. मोठ्या घरातल्या थोरल्या सुनेसारखं. पाठीच्या कवचाखाली दोन्ही बाजूंना ती पसरलेली असते, पिवळसर, मऊ, बारीक नळ्यांची जुडी. त्यातली एक नळी आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की मधोमध चांदणी दिसते. भोवतीच्या पेशी कमीजास्त उंचीच्या असतात, म्हणून मधल्या पोकळीला अशी टोकं फुटतात. पहिल्यांदा ती चांदणी दिसली तेव्हा मी डोळा लावून किती वेळ बसले कोण जाणे. चहा पार गार झाला होता.

नळीच्या बंद टोकाशी कोवळ्या पेशी असतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होणाऱ्या. तिथून पुढे सरकत त्या मोठ्या होतात आणि एकेक कामाला लागते. काही रस बनवतात, त्या रंगात गडद उतरतात. काही साठवतात, त्यांच्यात चरबीचे इतके थेंब की पेशी जाळीदार दिसते. काही पोटात एकच मोठा फुगा घेऊन टम्म होतात आणि शेवटी तो नळीच्या पोकळीत रिता करतात. शास्त्रात त्यांना एकेक इंग्रजी अक्षर दिलंय. मी मनात माझी नावं ठेवली होती: पाळण्यातली, चुलीपाशची, कोठीवाली आणि फुगाबाई.

या ग्रंथीची एक खोड मात्र पक्की ध्यानात ठेवावी लागते. ती पचवण्यासाठीच जन्मलेली. जीव गेला, की तिच्यातले रस मोकाट सुटतात आणि समोर दुसरं काही नाही म्हणून तिलाच पचवायला लागतात. म्हणून ती काढल्यापासून मिनिटभराच्या आत औषधाच्या बाटलीत गेली पाहिजे. उशीर झाला की पेशी भिंतीवरून सुटतात, फुगे फुटतात, चांदणी विरघळते, आणि काचेवर उरतो गुलाबी-जांभळा चिखल. नवख्या माणसाला तो चिखल विषबाधेसारखा दिसतो.

आमच्या वेंगुर्ल्याला आई बाजारात कुर्ली उलटी करून तिच्या पोटावर अंगठा दाबून बघायची. अमावस्येच्या कुर्ल्या भरलेल्या, पौर्णिमेच्या पोकळ, हे तिचं शास्त्र. भरलेल्या कुर्लीचं कालवण केलं की वर जो पिवळा ऐवज तरंगतो, त्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो. तो ऐवज म्हणजे हीच ग्रंथी, हे कळायला मला समुद्र ओलांडून यावं लागलं. हे मी प्रयोगशाळेतल्या हिने नावाच्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिची आंटीसुद्धा कात टाकलेला कोउरा पाण्यात परत सोडते. तो तेव्हा पोकळ असतो.

हिने आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करत होती. माझ्याच वयाची, दोन मुलांची आई, नोकरी सोडून पुन्हा शिकायला आलेली. आमच्या अभ्यासातल्या दोन ओढ्यांपैकी एक तिच्या माओरी कुळाचा होता. त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला नवी वसाहत झाली होती आणि तिचं गटारांतून येणारं पावसाचं पाणी ओढ्यात उतरत होतं. कोउरावर त्याचा परिणाम होतोय का, एवढाच प्रश्न होता. पण हिनेसाठी तो फक्त प्रबंधाचा प्रश्न नव्हता. तिच्या कुळाच्या मराएवर, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या घरी, पाहुणे आले की पानात त्या ओढ्याचा कोउरा पडलाच पाहिजे. घरचं काही नसेल तर यजमानाची मान खाली जाते. हे मला तिने समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडेही वैऱ्याला आधी गूळपाणी देतात आणि मग भांडतात.

पहिल्याच दिवाळीत मी तिला स्टीलच्या डब्यातून चकल्या दिल्या होत्या. आठवड्याने डबा परत आला तो लिंबांनी भरून. मी म्हटलं, आमच्यातही डबा रिकामा परत करत नाहीत, काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. "येह, सेम," ती हसून म्हणाली, "इफ इट्स एम्प्टी, आंटी विल किल मी." मग तो डबा आमच्यात येरझाऱ्या घालत राहिला. कधी ओढ्याकाठची पालेभाजी, कधी धुरी दिलेला मासा, कधी नुसतीच फिजोआची फळं. माझ्या परक्या मुलुखातल्या दिवसांत त्या डब्याचा मला फार आधार होता.

आता अभय सर. मूळचे पुण्याचे, इथे येऊन वीसेक वर्षं झालेली, मराठी मंडळाचे आधारस्तंभ. गणपतीची आरती तेच सांगणार, नाटकाचा पडदा तेच ओढणार, आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला जुन्या गाड्या कुठे मिळतात हे तेच सांगणार. माझी नोकरी त्यांच्याच प्रकल्पावर होती. सर होते पाण्यातल्या रसायनांचे जाणकार, पेशींतलं त्यांना जेमतेम कळे. पण ते मान्य करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "मंजिरी, तुझा हात फार चांगला आहे," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि हातावर इतका जोर द्यायचे की बाकीची मी खोलीतून नाहीशी व्हायची.

तो दिवस शुक्रवार होता आणि असाच वारा होता. सकाळी मी स्वच्छ ओढ्याचे पाच कोउरा केले. बर्फात बधिर करून, एकेक, नेमाने, प्रत्येक ग्रंथी मिनिटाच्या आत बाटलीत. दुपारी हिनेच्या ओढ्याचे पाच होते. संध्याकाळी मंडळाची दिवाळी, आणि सरांनी बजावलेलं की चारच्या आत आवर. म्हणून मी पाचही एकदम उघडले, पाचही ग्रंथी पाच बशांत काढल्या. घाई सरांची, पण हात माझे. तेवढ्यात फोन वाजला.

"मंजिरी, जरा खाली ये ना. चकल्यांचे डबे गाडीत आहेत आणि या वाऱ्यात मला एकट्याला दार धरवत नाहीये."

"सर, ग्रंथी बाहेर काढल्यात. मिनिटभरात येते."

"अगं, झाकून ठेव. पळून जाणार आहेत का? दहा मिनिटांचं काम आहे. सगळे खोळंबलेत."

एखाद्या गोऱ्या साहेबाला मी सरळ नाही म्हटलं असतं. पण आपल्या माणसाच्या 'जरा ये ना'ला नाही म्हणायची सवय आपल्याला कुणी लावलीच नाही. वर मंडळाचं काम. नाही म्हटलं तर वर्षभर ऐकावं लागेल. मी बशांवर झाकणं ठेवली आणि गेले. डबे उतरवले, शेजारच्या शाळेच्या हॉलमध्ये नेले, वाऱ्याने उडालेलं तोरण पुन्हा बांधलं, मंडळातल्या एका वहिनींनी 'आलीच आहेस तर' म्हणून रांगोळीचे ठिपके काढायला बसवलं. परत आले तेव्हा ग्रंथींना पाणी सुटलं होतं. मी त्या बाटलीत घातल्या आणि नोंदवहीत दोन्ही वेळा लिहिल्या. काढल्या तीन वाजून पाच मिनिटांनी. घातल्या तीन सेहेचाळीसला.

काचा तयार झाल्या तेव्हा व्हायचं तेच झालं होतं. एकाही नळीत चांदणी नाही. मी त्या काचा बाजूला काढून ठेवणार, तोवर सर हिनेला घेऊन आले आणि तो ट्रे त्यांनीच उचलला. एक काच बघितली, दुसरी बघितली, आणि त्यांचा चेहरा उजळला. सकाळच्या ग्रंथी ठणठणीत, दुपारच्या उद्ध्वस्त. एवढा ढळढळीत फरक त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता.

"लुक हिने, युवर क्रीक. होल ग्लँड, गॉन."

"सर," मी म्हटलं, "ही त्या शुक्रवारची..."

"मंजिरी, तू रंग चढव. अर्थ लावायला आम्ही आहोत." हे ते मराठीत म्हणाले, हसत, आणि मग हिनेसाठी त्याचं इंग्रजी केलं. हिने हसली नाही. त्याच रविवारी मंडळाच्या जेवणात त्यांनी कुणा पाहुण्याला माझी ओळख करून दिली, "ही आमच्या लॅबची खाटीक." पंगत हसली. मीही हसले. आणि वाढलेल्या पानाकडे बघत ठरवलं की आता तोंड उघडायचं नाही.

बघा, मी खोटं बोलणार नव्हते. नोंदवहीत सगळं होतं, कुणीही उघडून वाचावं. फक्त सर ती वही कधी उघडत नव्हते, आणि आता मी ती त्यांच्यापुढे धरणार नव्हते. पाच आठवड्यांनी विभागाचं मोठं व्याख्यान होतं, बाहेरगावचे लोक येणार होते. नारळ जेवढ्या उंचावरून पडेल तेवढा नीट फुटतो. मी त्यांना चढू दिलं. त्यांच्या भाषणाची चित्रं मीच काढली, बाण मीच लावले, अक्षरं तपासली. त्यांना चहा करून दिला, त्यात आलंसुद्धा किसलं. इतकी सुरेख झोप मला या देशात आल्यापासून लागली नव्हती.

हिने घरी गेली आणि तिने आपल्या माणसांना सांगितलं. सांगणारच, त्यांच्याच पोटात जाणारा जीव होता तो. ओढ्याकाठी पाटी लागली, इथला कोउरा खाऊ नका. मला कळलं तेव्हा हात वहीकडे गेला, खोटं कशाला बोलू. पण मी मनाशी म्हटलं, महिन्याभराचा तर प्रश्न आहे, ओढा कुठे पळून जाणार आहे. कुणाचं वाक्य आपण उचललंय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मग तिचे अंकल वारले. कुळातले सगळ्यांत ज्येष्ठ, लहानपणी तिला दगडाखालचा कोउरा हाताने धरायला शिकवणारे. तीन दिवस मराएवर माणसं येत होती, थेट उत्तरेकडच्या दुसऱ्या बेटावरून. आठवड्याने हिने कामावर आली आणि माझ्या बाकाशेजारी स्टूल ओढून बसली. सांगत होती की आंटीने पाहुण्यांना सुपरमार्केटातली गोठवलेली कोळंबी वाढली, पिशवीतली, आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून माफी मागितली. अंकलच्या शेवटच्या पंगतीला अंकलच्या ओढ्याचं काही नव्हतं. ती रडत नव्हती, नुसती बोटांनी बाकावरचा मेणाचा चुरा गोळा करत होती. नोंदवही माझ्या गुडघ्यापाशी, वरच्या खणात होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मनात मोजलं: अजून बारा दिवस.

व्याख्यानाच्या दिवशी पुन्हा वारा होता. हॉलच्या काचा थरथरत होत्या आणि सर रंगात आले होते. सकाळची चांदणी डावीकडे, दुपारचा चिखल उजवीकडे, पडद्यावर भिंतीएवढा. शेवटी पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी हात वर केला. आयुष्यभर हेच काप बघितलेल्या असाव्यात.

"क्विक क्वेश्चन. हाउ लाँग फ्रॉम कट टु फिक्स?"

"अंडर अ मिनिट, ऑलवेज," सर म्हणाले. "मंजिरी विल कन्फर्म."

मी उठले. वही पिशवीतच होती, पान दुमडलेलं. "द मॉर्निंग वन्स, अंडर अ मिनिट," मी इंग्रजीत म्हणाले. "हिनेज क्रीक, फॉर्टी-वन मिनिट्स."

त्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि हलकेच म्हणाल्या, मग ती ग्रंथी स्वतःलाच पचवून बसली आहे. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी बघितला, कपाळापासून हनुवटीपर्यंत. ते मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत होते, सर," मी मराठीतच म्हणाले, पण मोठ्यांदा. "तुम्ही म्हणालात, रंग चढव."

सत्तरऐंशी माणसांत ते आम्हा दोघांनाच कळलं, आणि तेवढं मला पुरलं. अजूनही ते आठवलं की जिभेवर गोड येतं. पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर ते शोभून दिसेल, पण सरांबद्दल मला तो आजतागायत झालेला नाही. त्यांचं फार काही बिघडलंही नाही. त्यांनी 'तांत्रिक चूक' म्हणून सगळं माझ्या हातावर टाकलं, छापायला पाठवलेला शोधनिबंध मागे घेतला, आणि पुढे ऑकलंडला फ्लॅट बुश उपनगरात ऐसपैस घर बांधून गेले. दिवाळीला सगळ्यांना फोनवर चमचमती पणती पाठवतात. मी ती उघडत नाही.

हॉलबाहेर सायकली लावायच्या जागी हिने उभी होती. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते आणि ती ते बाजूला करत नव्हती.

"हाउ लाँग हॅव यू नोन, मँज?"

वेळ विचारली की मला चुकवता येत नाही. "फाइव्ह वीक्स," मी म्हणाले.

"सो, सिन्स बिफोर अंकल."

"हो."

"व्हेन आय सॅट ॲट युवर बेंच."

"हो."

"ओके," ती म्हणाली. तिने शिव्या घातल्या असत्या तर मी चार ऐकून घेतल्या असत्या, दोन परत दिल्या असत्या, आणि मोकळी झाले असते. ती सायकलचं कुलूप काढून निघून गेली.

पुढचे दोन शनिवार मी एकटीने काम केलं. तिच्याच ओढ्याचे नवे पाच कोउरा, एकेक करून, घड्याळ समोर ठेवून. पाचही ठणठणीत निघाले. कोठीवाल्या चरबीने भरलेल्या, टोकाशी कोवळ्यांची गर्दी, प्रत्येक नळीत चांदणी. ओढ्याला काही झालंच नव्हतं. मी काचांची पेटी घेतली, ताज्या चकल्या तळल्या, आमचा तो डबा भरला आणि हिनेच्या घरी गेले. पूर्वी त्या घरात चहा न घेता मला कुणी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. तिने दारातच दोन्ही वस्तू घेतल्या. "चिअर्स," म्हणाली, आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून दार हाताने धरून हळूच लावलं.

पाटी निघाली, ते मला दुसऱ्यांकडून कळलं. त्यानंतरच्या सोमवारी माझ्या बाकावर डबा होता. मला वाटलं, सुटले. हातात घेतला तर हलका लागला. उघडला. घासून, पुसून, आरशासारखा लख्ख केलेला. आत काही नव्हतं. लिंबू नाही, साखरेचा कण नाही. मी झाकण लावलं आणि पुन्हा उघडून पाहिलं. मी सूड घ्यायला पाच आठवडे तयारी केली होती. तिने फक्त डबा घासला.

त्यानंतर मी ती नोकरी सोडली. आता रुग्णालयात माणसांचे काप काढते, कुणी 'जरा ये ना' म्हटलं तर मान वर करत नाही. हिनेचं पुढे छान झालं असं ऐकते.

आत्ता, हे लिहिता लिहिता, ईशाने फडताळाच्या वरच्या फळीवरून तो डबा काढलाय. परीक्षेनंतर मैत्रिणीकडे चकल्या न्यायच्यात तिला.

"तो नको," मी म्हणाले. "दुसरा घे."

"व्हाय? धिस वन्ज ऑलवेज जस्ट सिटिंग देअर. इट्स एम्प्टी."

"म्हणूनच," मी म्हणाले, तिच्या हातातून डबा घेऊन तो पुन्हा वर ठेवला, आणि चकलीचा पुढचा घाणा तेलात सोडला.